हलणारा जॉब

‘मार्जिन’ हा शब्द आमच्याकडे विक्रोळीत दोनच ठिकाणी कानावर पडतो. स्टेशनाबाहेरचा भाजीवाला ‘भाऊ, मार्जिनच नाही राहिलं’ म्हणतो तेव्हा, आणि शाळेत बाई वहीच्या डाव्या बाजूला रेघ मारून घेतात तेव्हा. पहिलं मार्जिन जितकं जास्त तितकं बरं. दुसरं म्हणजे कोरी सोडलेली जागा, तिचं कुणाला काही नसतं. या शब्दाला तिसरा अर्थ आहे, आणि त्या अर्थाचं मार्जिन जितकं कमी तितकं बरं असतं, हे मला २०२२ च्या पावसाळ्यात कळलं.

काकांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता. वेळेत निघाला, पसरलेला नव्हता, त्यामुळे घरात रडारड झाली ती दोन दिवसच. मग रेडिएशन ठरलं. (गावाकडून येणारी मंडळी याला ‘लाइट’ किंवा ‘शेक’ म्हणतात. आमच्या काकूंनी शेवटपर्यंत ‘शेक’च म्हटलं.) डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला, म्हणाले हा प्रोस्टेट. त्याच्याभोवती तुटक रेघेचा दुसरा गोल काढला आणि म्हणाले, हे मार्जिन.

काकांनी विचारलं, “किती?”

डॉक्टर जरा चमकले असावेत. असा प्रश्न पेशंट विचारत नाहीत. पण आमचे काका कन्नमवार नगरात राहणारे, आणि चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढलेले. रेघ दिसली की तिला माप असलंच पाहिजे, हा त्यांचा धर्म.

आता हे मार्जिन कशासाठी, ते काकांच्याच भाषेत सांगतो, कारण मला ते त्यांच्याकडूनच नीट समजलं. टूलरूममध्ये मशीन कितीही भारी असो, आधी जॉब घट्ट बांधावा लागतो. व्हाइसमध्ये पकडा, क्लॅम्प मारा, डायल गेज लावून बघा, आणि मगच कटर खाली आणा. जॉब केसभर सरकला तर मायक्रॉनमध्ये चालणारं मशीन काय कामाचं? रेडिएशनचं मशीनही तसंच काटेकोर असतं. खोलीत ज्या बिंदूवर किरण आणायचे तिथे ते साधारण एका मिलिमीटरच्या आत आणून सोडतं. भानगड जॉबची आहे. जॉब जिवंत आहे. तो श्वास घेतो, त्याच्या पोटात वायू फिरतो, त्याचं मूत्राशय दर मिनिटाला थोडं थोडं भरत असतं. माणसाला तुम्ही टेबलावर बांधून ठेवाल, त्याच्या आतल्या अवयवांना कसं बांधणार?

यकृत नुसत्या श्वासाबरोबर एक ते अडीच सेंटिमीटर वरखाली होतं, आणि आपण मिनिटाला बारा-पंधरा वेळा श्वास घेतो. प्रोस्टेट तितका हलत नाही, पण तो बसलाय अडचणीच्या जागी. वर आणि पुढे मूत्राशय, मागे गुदाशय. मूत्राशय भरलं की जागा बदलते, गुदाशयात वायू आला की तो प्रोस्टेटला पुढे ढकलतो. हे सरकणं काही मिलिमीटरचं असतं, कधी एकदम सेंटिमीटरभरही. कातडीवर तीन बारीक ठिपके गोंदवतात आणि रोज लेसरची रेघ त्यावर जुळवतात. (काकू म्हणाल्या, “या वयात गोंदवून आलात!”) पण कातडीवरची खूण म्हणजे घराचा पत्ता. माणूस आत्ता आतल्या खोलीत आहे की मोरीत, ते पत्त्यावरून कळत नाही.

म्हणून मार्जिन. अवयव इथे नसला तर तिथे असेल, म्हणून इथे, तिथे आणि आजूबाजूला सगळीकडेच किरण द्यायचे.

ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण हिशोब करून बघा. चार सेंटिमीटर रुंदीचा एक गोळा धरा, मोदकातलं सारण म्हणा. त्याचं घनफळ साधारण ३३ घनसेंटिमीटर. त्यावर अर्धा सेंटिमीटर जाडीची पारी चढवली की अख्ख्या मोदकाचं घनफळ होतं ६५, म्हणजे जवळजवळ दुप्पट. पारी एक सेंटिमीटरची केली तर ११३, म्हणजे सव्वातीनपटीहून जास्त! सारण तेवढंच, वाढली ती पारी. आणि ही पारी तांदळाच्या पिठाची नाही. ती काकांच्या मूत्राशयाची आणि गुदाशयाची भिंत आहे, म्हणजे धडधाकट भाग. त्याला शेक बसतो तो त्याचा काही गुन्हा आहे म्हणून नव्हे, आपल्याला अवयवाची नेमकी जागा माहीत नाही म्हणून.

याची किंमत काय, ते मुंबईकराला वेगळं सांगायला नको. मूत्राशयाला शेक बसला की लघवीला घाईची होते, जळजळ होते, रात्री चार-पाचदा उठावं लागतं. गुदाशयाला बसला की तिकडची घाई, कधी रक्त. बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं, काहींचं महिन्यांनी, वर्षांनी डोकं वर काढतं. वैद्यकीय कागदावर याला श्रेण्या असतात, पहिली, दुसरी, तिसरी. आमच्या घरी मोजमाप वेगळं होतं. लोकलमध्ये संडास नसतो. विक्रोळीहून स्लो गाडीत बसलेला माणूस किती स्टेशनं तग धरू शकतो? घाटकोपर? कुर्ला? दादर? मला राहून राहून वाटतं की पारीतले ते मिलिमीटर शेवटी स्टेशनांत मोजले जातात.

हे सगळं चाललेलं असताना काकांच्या मुलीचा परदेशातून फोन आला. तिने कुठेतरी वाचलं होतं की किरण चालू असताना सोनोग्राफीने प्रोस्टेटवर सतत नजर ठेवणारं यंत्र असतं. आपल्या इथे ते आहे का? नसेल तर जिथे असेल तिथे बाबांना न्या, पैशांचं बघू. मग घरात जे होतं ते झालं. एकजण म्हणतो जमीन विकू, दुसरा म्हणतो जमीन विकून काय मिळणार तेवढं तरी आधी विचारा. विचारायचं काम माझ्याकडे आलं, आणि म्हणून मी हे सगळं वाचत बसलो.

सोनोग्राफीचं तत्त्व आपल्याला माहीत असतंच. हातातल्या प्रोबमधले स्फटिक विजेने थरथरतात, कानाला ऐकू न येणारा आवाज शरीरात जातो, आतल्या पडद्यांवर आपटून परत येतो. यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर. यात किरणोत्सर्ग अजिबात नाही, त्यामुळे हवा तितका वेळ बघत राहता येतं. एक्स-रेने सतत बघत राहायचं तर त्याचा स्वतःचा थोडा डोस वाढत जातो. शिवाय साध्या एक्स-रेत मऊ प्रोस्टेट दिसतच नाही. तो दिसावा म्हणून आत सोन्याचे तीन बारीक दाणे सुईने सोडायची पद्धत आहे. (“सोनं गळ्यात घालतात हो, तिथे कुठे!” हे पुन्हा काकूंचं.) सोनोग्राफीला सोनं लागत नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ‘बॅट’ नावाचं यंत्र आलं. रोज उपचाराआधी पोटावर प्रोब ठेवून प्रोस्टेट कुठे आहे ते बघायचं आणि टेबल तेवढं सरकवायचं. कल्पना उत्तम, पण मेख अशी की चित्र नीट दिसावं म्हणून प्रोब दाबला की त्या दाबानेच प्रोस्टेट काही मिलिमीटर सरकायचा! बघायला गेलं की हलतो, आणि प्रोब काढला की परत जागेवर. शिवाय किरण चालू झाल्यावर काय होतंय ते कळत नसेच, कारण तेव्हा प्रोब धरायला खोलीत कुणी थांबू शकत नाही.

पुढे माँट्रियलच्या रेझोनंट मेडिकल या कंपनीने ‘क्लॅरिटी’ नावाची प्रणाली काढली. २०१० मध्ये ती कंपनी स्वीडनच्या इलेक्टाने घेतली. यात पोटावरून बघणं सोडून दोन मांड्यांच्या मधल्या जागेवर खालून प्रोब टेकवून ठेवायची सोय आली. प्रोब स्टँडला पक्का, आतला भाग मोटरने आपोआप झाडू मारल्यासारखा फिरतो, आणि चित्र तिन्ही बाजूंनी तयार होत राहतं. खोलीच्या छताला अवरक्त कॅमेरे असतात, ते प्रोबवरच्या खुणा बघून तो खोलीत नेमका कुठे आहे ते सांगतात. तेव्हा कुठे ‘चित्रातला प्रोस्टेट’ आणि ‘किरणांचा बिंदू’ एकाच मोजपट्टीवर येतात. हे सगळं माणसं बाहेर असताना, किरण चालू असताना. प्रोस्टेट ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की किरण थांबवता येतात.

मी हे काकांना समजावलं तेव्हा त्यांनी लगेच टोकलं, “आवाजाचा वेग किती धरलाय?” १५४० मीटर, सेकंदाला. “सगळीकडे सारखा?” नाही. चरबीत आवाज सावकाश जातो, साधारण १४५० ने. यंत्र मात्र सगळीकडे १५४० च धरून चालतं. काकांनी वर्तमानपत्राच्या कडेला आकडेमोड केली. मध्ये दोन सेंटिमीटर चरबी असेल तर यंत्राला ती दिसणार २१.२ मिलिमीटर, म्हणजे लक्ष्य सव्वा मिलिमीटर खोल दिसणार. “म्हणजे डायल गेजलाही एरर आहे,” ते समाधानाने म्हणाले. कुठल्याही मापकाची चूक किती हे कळल्याशिवाय त्यांचा त्यावर विश्वास बसत नाही. चूक कळली की बसतो. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये सोनोग्राफीच्या आधाराने द्यायच्या रेडिएशनची तपासणी कशी करावी यावर एक अख्खा अहवाल काढलाय, म्हणजे काकांसारखी माणसं तिकडेही आहेत.

वाचताना एक गोष्ट सापडली ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्फटिक दाबला की वीज तयार होते, हा शोध १८८० मध्ये झाक आणि पिएर क्यूरी या दोन भावांनी लावला. वीज दिली की स्फटिक हलतो, ही त्याची उलट बाजू पुढच्याच वर्षी सिद्ध झाली. आजचे बहुतेक सोनोग्राफी प्रोब त्यावर चालतात. याच पिएरने पुढे पत्नी मारीबरोबर १८९८ मध्ये रेडियम शोधलं, आणि किरण मोजायला मारीने वापरलं ते त्या दोन भावांचं क्वार्ट्झचं उपकरण! म्हणजे कॅन्सर जाळणारा किरण आणि त्या किरणाला वाट दाखवू शकणारा आवाज, दोन्ही एकाच घरातले. एकत्र यायला मात्र शंभर वर्षं लागली.

आपल्याकडे या दोघांची आणखी एक गंमत आहे. किरणांच्या मशीनला परवानगी देणारं अणुऊर्जा नियामक मंडळ आमच्यापासून फार लांब नाही, अणुशक्तीनगरला. आवाजाच्या मशीनला त्यांची परवानगी लागत नाही, पण त्याची नोंदणी करावी लागते ती गर्भलिंगनिदानाच्या कायद्याखाली. असा कायदा देशात पहिल्यांदा आपल्या महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये, आणि मग १९९४ मध्ये तो देशभर आला. त्याची गरज होती, अजूनही आहे. पण काकांची पहिली सोनोग्राफी विक्रोळीतल्या एका सेंटरात झाली तेव्हा प्रोस्टेटवाले तीन आजोबा ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ या पाटीखाली गंभीर चेहऱ्याने बसले होते, ते दृश्य मी विसरणार नाही.

असो. मूळ प्रश्न जमीन विकण्याचा होता.

मी डॉक्टरांना सरळ विचारलं. त्यांनी न रागावता जे सांगितलं ते असं: अवयवाची जागा कळण्याचे मार्ग बरेच आहेत. सोनोग्राफी, सोन्याचे दाणे, एमआरआय जोडलेलं मशीन. ज्याचा अवयव श्वासागणिक दोन सेंटिमीटर हलतो किंवा ज्याला पाच बैठकांत मोठाले डोस द्यायचेत, त्याला किरण चालू असताना बघत राहणं फार मोलाचं. काकांना वीस बैठका, साठ ग्रे. रोज किरण सोडण्याआधी टेबलावरच स्कॅन होईल आणि जागा जुळवली जाईल. राहतो तो मधल्या काही मिनिटांतला हालचालीचा धोका, तेवढ्यासाठी सहा मिलिमीटरचं मार्जिन, गुदाशयाकडे पाच. आणि हे मार्जिन पुरावं म्हणून काकांनी एक काम करायचं. पाणी प्यायचं.

“सहा आणि पाच,” काका म्हणाले. आकडा मिळाला, विषय संपला. जमीन राहिली.

इथे मला आपल्याकडच्या दोन कामांबद्दल लिहायचंय. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासूनचं, १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे. २०११ मध्ये टाटा स्मारक केंद्रातल्या डॉ. वेदांग मूर्ती आणि सहकाऱ्यांनी मूत्राशयाच्या कॅन्सरवर काम प्रसिद्ध केलं. मूत्राशय रोज वेगळ्या आकाराचं असतं, मग एकच मोठी पारी कशाला? त्यांनी आधीच वेगवेगळ्या मापांचे आराखडे करून ठेवले आणि रोज स्कॅन बघून त्या दिवशी जो अंगाला बसेल तो वापरला. दुकानात शर्टाची मापं असतात तसं. दुसरं काम २०१२ चं, डॉ. उमेश महांतशेट्टी आणि सहकाऱ्यांचं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये किरणांचा स्रोत शरीराच्या आत ठेवतात, तेव्हा जागा ठरवायला एमआरआय उत्तम. पण तो सगळीकडे कुठून आणणार? म्हणून त्यांनी पोटावरून केलेली साधी सोनोग्राफी एमआरआयशी ताडून बघितली. बहुतेक मापं चांगली जुळली. दोन्ही ठिकाणी प्रश्न काकांचाच आहे: जॉब आत्ता नेमका कुठे आहे, आणि ते कळायला माझ्याकडे जे आहे त्यातून काय करता येईल?

काकांचं सांगायचं तर त्या वीस दिवसांत आमच्या घरात पाणी हे औषध झालं. रुग्णालयात पोचायचं, मूत्राशय रिकामं करायचं, मग अर्धा लिटर पाणी मोजून प्यायचं आणि पाऊण तास दम धरायचा. बाकावर पाच-सहाजण बाटल्या घेऊन बसलेले. कुणी सोलापूरचा शेतकरी, कुणी बँकेतला निवृत्त साहेब, एक टॅक्सीवाले चाचा. सगळे घड्याळाकडे बघतायत, मांडीवर मांडी घट्ट. आपला नंबर मागे गेला की होणारी तगमग तिथे सगळ्यांची सारखी. बाकावरचे नियमही ठरलेले: आदल्या रात्री राजमा नाही, वाटाणा नाही, सोडा नाही. वायू होता कामा नये. हे डॉक्टरांपेक्षा चाचांनीच जास्त पटवलं.

अकराव्या दिवशी काकांना टेबलावरून परत पाठवलं. स्कॅनमध्ये गुदाशयात वायू दिसला, प्रोस्टेट पुढे ढकललेला. “चाला थोडं, मोकळे व्हा, पुन्हा पाणी प्या.” दीड तास गेला. मी वैतागलो होतो. काका मात्र कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालताना खुशीत होते. “जॉब रिजेक्ट केला,” म्हणाले. “बघितलं म्हणून केला. न बघता चालवला असता तर?”

तेव्हा मला ही गोष्ट पुरती उमगली. पाण्याची बाटली, शर्टाची मापं, सोन्याचा दाणा, मांड्यांमधला तो सोनोग्राफीचा प्रोब, ही सगळी एकाच कुटुंबातली. यातलं कुठलंही कॅन्सरला मारत नाही, मारतो तो किरण. ही सगळी फक्त आपलं अज्ञान मिलिमीटरभर कमी करतात, आणि जेवढं ते कमी होतं तेवढा शेजारचा निरपराध भाग वाचतो. महागडं यंत्र अज्ञान जास्त कमी करतं हे खरंच, ते आपल्याकडे जास्त ठिकाणी यायला हवं हेही खरं. पाणी सगळ्यांनाच पुरत नाही, यकृताला तर मुळीच नाही. पण घरातलं माणूस आजारी पडलं की आपण विचारतो, ‘मशीन कुठलं? नवीन आहे ना?’ त्याऐवजी काकांसारखं विचारावं, ‘मार्जिन किती? आणि तेवढं का?’ ज्यांनी विचार केलेला असतो त्यांच्याकडे उत्तर असतं.

तिसऱ्या आठवड्यापासून काकांना घाईची होऊ लागली. लोकल बंद, टॅक्सी सुरू. संपल्यावर महिनाभर ते स्टेशनाकडे फिरकले नाहीत. मग एक दिवस घाटकोपरपर्यंत जाऊन आले, काकूंना न सांगता. दिवाळीच्या आधी कुर्ला. संक्रांतीला दादर, तेही फुलबाजारात तासभर फिरून.

आता दर सहा महिन्यांनी रक्त तपासतात, पीएसएचा आकडा अगदी खाली आहे. डॉक्टर फाइलमध्ये तो लिहितात. आमच्या घरी मात्र अजून कुणी तो आकडा विचारत नाही. काका बाहेरून आले की काकू आतूनच हाक मारतात, “कुठवर?” आणि काका चपला काढता काढता स्टेशनाचं नाव सांगतात. परवा भायखळा होतं.